बॅच क्रमांक चौदा

१२ मार्च, धुळे

वही जगदीशने आणून दिली. म्हणाला, "तू मला रोज सांगतेस त्यापेक्षा यात लिही. मला दिवसभर मुलांना मेकॅनिक्स शिकवायचं असतं, रात्री पुन्हा यीस्टचं लेक्चर नको." नवरा पॉलिटेक्निकला शिकवतो म्हणून त्याला वाटतं, शिकवणं फक्त त्यालाच जमतं.

तर नोंद. मागच्या न्हाणीघरात वीस लिटरचा जार, केळीची वाइन, खेप सातवी. केळी रावेरची, पॅकिंगमधून बाद झालेली. सालीवर काळे ठिपके पडले की बाजारात त्यांना कोणी विचारत नाही, माझ्यासाठी ती तेव्हाच तयार होतात. रावेरच्या ज्या व्यापाऱ्यासाठी मी केळीचे खोके डिझाइन करते, तो दोन क्रेट असेच देतो. त्याला वाटतं मी गाईला घालते.

वाइनचे फोटो मी 'बुडबुडे' नावाच्या पानावर टाकते. चार हजार लोक बघतात. पानावर माझं नाव नाही, चेहरा नाही, धुळ्याचं नाव नाही. परवान्याशिवाय घरी गाळणं कायद्यात बसत नाही आणि उगाच भानगड कशाला.

कामाचं म्हणाल तर नवं काम चांगलं आलंय. दोंडाईचाचे मिश्रीलाल शेठ, धान्याचे आणि किराण्याचे मोठे व्यापारी, मोहाच्या लाडूंचे डबे बाजारात आणताहेत. लाडू करणार शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या अठरा बायका. शेठजींची अट एकच. "बेटा, मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. आपल्या डब्यावर ती आठवली नाही पाहिजे. आम्ही जैन माणसं, आमच्या नावाला तो वासही नको." मी मान डोलवली. न्हाणीघरात माझा जार गुबुगुबु करत होता.

१९ मार्च

आज पाड्यावर जाऊन आले. अजून डोक्यातून जात नाही.

पहाटे पोचले. झाडाखाली फुलांचा सडा आणि बायका वाकून वेचताहेत. बचत गटाचं लिहिण्याचं काम धनसिंग नावाचा बारावी झालेला तरुण बघतो, त्याने सगळ्यांची ओळख करून दिली. पण माझं लक्ष नानीबाईकडे. साठीची असेल, सडपातळ, नाक असं की पेन्सिलीच्या एका रेघेत काढावं. फुलं वेचून झाल्यावर तिने मला घरी नेलं. मागच्या पडवीत माठ. माठात सहा दिवस भिजलेली फुलं. पुढे चुलीवर मडक्यावर मडकं, नळी आणि थेंब थेंब पडणारी धार. माझ्या पंधरा हजारांच्या उपकरणाला जे जमत नाही ते दोन मडकी करत होती.

तिने पानाच्या द्रोणात थोडी दिली. आधी चार थेंब जमिनीवर टाकले, मग मला म्हणाली, "पे." मी म्हटलं, अक्का, मीपण करते घरी, पुडीतलं यीस्ट टाकून. ती हसून लोटपोट. "पुडीमाईन काय टाकस वं? फूलमाच बठ्ठं ऱ्हास."

फुलातच सगळं असतं, हे मला तीन वर्षांत कोणत्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझं माहेर शिंदखेड्याचं, अहिराणी मला येते, पण तिच्या तोंडून ऐकताना वाटलं मी आजवर नुसतीच बोलत होते.

सुका नावाचा तिचा पुतण्या तिथेच बसला होता. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. बांधावरच्या एका मोहाच्या झाडावरून दोघांची जुनी कुरबुर आहे, असं धनसिंगने नंतर सांगितलं. मी फोटो काढत होते तर सुका विचारतो, "ताई, हाई फोटू कोठे जातीन?" मी म्हटलं, लाडूच्या डब्यासाठी. "मडकाना फोटूबी?" म्हणाला. मला तो माणूस आवडला नाही. सतत टेहळणी केल्यासारखं बघत असतो.

२७ मार्च

लाडूच्या डब्याचं काम बाजूला राहिलं आणि तीन दिवस भलतंच करत बसले. नानीबाईच्या मोहाच्या दारूचं लेबल. कोणी मागितलेलं नाही, कोणी पैसे देणार नाही. पण गेल्या पाच वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मध्यभागी तिचा चेहरा, एकाच रेघेत. वर 'नानीबाई', खाली 'पहिल्या धारेची'. पाड्याचं नाव, तालुका, जिल्हा. आणि खरं वाटावं म्हणून बाकी सगळं. तीव्रता अठ्ठावीस टक्के, गाळल्याचा महिना, बारकोड (तो जुन्या केळी वेफर्सच्या पाकिटावरून घेतला). बॅच क्रमांकासाठी एक घातला तर जागा रिकामी दिसत होती. सात घातला तर तिरका. शेवटी चौदा घातला. त्या अक्षरात चौदा फार देखणा दिसतो.

जगदीशने पाहिलं आणि म्हणाला, "हे दुकानात ठेवलं तर लोक विकत घेतील." यापेक्षा मोठी दाद कोणती असणार.

४ एप्रिल

पाड्यावर लाडूच्या चवीच्या बैठकीला गेले होते. येताना नानीबाईकडून थोडी घेतली, माझ्या सहा बाटल्यांत भरली, तिथेच लेबलं चिकटवली. पाच माझ्या. सहावी तिला भेट.

तिने बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. "हाई मी शे? नाक बराबर शे." मग सगळं वाचून दाखव म्हणाली. तिला लिहितावाचता येत नाही. मी एकेक अक्षर वाचलं. पाड्याचं नाव आलं तेव्हा तिने धनसिंगला, शेजारणीला, सगळ्यांना हाका मारल्या आणि पुन्हा वाचायला लावलं. बाटली देवाच्या फळीवर ठेवली.

सगळे खुशीत आणि सुकाचं तोंड वाकडं. "गाव आमनं शे, नाव तुम्ही टाकं. कोनले इचारं?" मी म्हटलं, भाऊ, हे कौतुक आहे. तो म्हणाला, "कौतुक घरमा ऱ्हावाले पाहिजे. हाई कागद काढी टाका." नानीबाईच त्याच्यावर खेकसली. चांगलं झालं. काही लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

त्याची मुलगी मोहिनी मात्र गोड आहे. एकोणीस वर्षांची, लाडू वळण्यात सगळ्यात चपळ. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिचं लग्न आहे, पलीकडच्या गावच्या तोताराम नानांच्या मुलाशी.

११ एप्रिल

'बुडबुडे'वर बाटलीचा फोटो टाकला आणि कहर झाला. साडेनऊ हजार लोकांनी पाहिला. मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओतल्या बाईने लिहिलं, 'हे कोणी केलं? कमाल आहे.' मी नाव सांगितलं नाही, पण दिवसभर तरंगत होते. पुण्याच्या कोणीतरी विचारलं, 'कुठे मिळेल?' मी लिहिलं, 'शिरपूरच्या पुढे, थेट नानीबाईच्या दारात.' त्यालाही चारशे लोकांनी दाद दिली.

दुपारी रावेरला खोक्यांचं छपाईचं बघायला गेले. ट्रॅक्टरच्या रांगेत दीड तास अडकले. त्रेचाळीस अंश. मोबाइल बघत बसले, त्यामुळे वेळ कळला नाही.

२२ एप्रिल

नीट लिहिता येत नाही.

सकाळी नऊला धनसिंगचा फोन. "ताई, पहाटे पथक आलं होतं दारूबंदीचं. दोन गाड्या. नानीबाईचे माठ फोडले. तिला घेऊन गेले." मला आधी कळलंच नाही. माठ फोडले म्हणजे काय, असं मी दोनदा विचारलं. साठ वर्षांच्या बाईला गाडीत घालून नेलं. पाड्यावर घरोघरी माठ आहेत, लग्नात लागतं, मयतीला लागतं, देवाला लागतं, कधी कोणी आलं नाही. आणि आता फक्त तिच्याच घरी आले. सरळ आले, कोणाला पत्ता विचारला नाही.

धनसिंग म्हणाला, "कोणीतरी खबर दिली, ताई. नाव-गाव घेऊन आले होते."

मी म्हटलं, सुका. मला पहिल्या दिवसापासून तो विचित्र वाटत होता. फोटो कुठे जातील, कोणाला विचारलं, मडक्यांचे का काढले, असलं सगळं विचारत होता. झाडाचं भांडण आहेच. धनसिंग म्हणाला, "तुम्ही स्वतः ऐकलं ना हे?" मी म्हटलं, माझ्या कानांनी.

मला काय, जे ऐकलं ते सांगितलं.

२३ एप्रिल

पेपरात आठ ओळी. 'लेबल लावून मोहाच्या दारूची बाटलीबंद विक्री, महिला ताब्यात. आणखी बॅचचा शोध सुरू.' ती बाटली फळीवर सापडली असणार. पेपरवाल्यांनी एका बाटलीचा कारखाना केला. अशा बातम्या लिहिणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही. एक कौतुकाची बाटली, तीही भरलेली, आणि म्हणे विक्री.

जगदीश पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, काही नाही.

सातव्या खेपेच्या जारमधले बुडबुडे थांबत आले आहेत. गाळायला हवी होती. हात लावावासा वाटला नाही.

२६ एप्रिल

नानीबाई परवाच जामिनावर सुटली. धनसिंगने वकील दिला. हायसं वाटलं.

काल पंच बसले होते. सुकाला बाहेर ठेवलं. म्हणजे काय ते धनसिंगने सांगितलं. त्याच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही, त्याला कोणी देणार नाही, विस्तव नाही, बोलणं नाही. बायको-मुलगीसुद्धा त्यातच. मला वाटलं नव्हतं इतकं होईल. म्हटलं, पंचांनी त्याचं ऐकून घेतलं ना? धनसिंग म्हणाला, "तो शपथ घ्यायला तयार होता. पण नानीबाई नुसती रडत होती, 'सुका नाही' म्हणत होती, मग कोण ते सांगत नव्हती. पुतण्याला सांभाळते असं वाटलं सगळ्यांना. मी सांगितलं, धुळ्याच्या ताईंनी स्वतः ऐकलंय. शिकलेल्या बाईचा शब्द म्हटल्यावर विषय संपला."

माझा शब्द. मी फोनवर बोलले तो. मी तर नुसतं बोलले होते.

२९ एप्रिल

हे कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.

शिरपूरला वकिलांकडे गेले होते. म्हटलं, मदत करू. त्यांनी फिर्यादीची प्रत माझ्यापुढे सरकवली. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: समाजमाध्यमावरील 'बुडबुडे' या पानावर प्रसिद्ध छायाचित्रावरून व तेथील मजकुरावरून सदर ठिकाणाची माहिती मिळाली. सोबत छापील चित्र जोडलेलं. माझा फोटो. खाली माझंच उत्तर, 'थेट नानीबाईच्या दारात.'

मी ते तीनदा वाचलं. वकील विचारत होते, "बॅच चौदा म्हणजे आधीच्या तेरा बॅच कुठे गेल्या, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. घरगुती वापर म्हटलं तर बारकोड कशाला? पाड्यावर कोणी तोंड उघडत नाही. कोणी केलं असेल हे?" मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत नाही, असं मी म्हटलं.

घरी येईपर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. सुकाने कोणाला काही सांगितलं नव्हतं. तो एकटाच माणूस होता ज्याने विचारलं होतं, हे कुठे जाणार. आणि त्याच प्रश्नाचा मी पुरावा केला.

स्वतःचं नाव मी तीन वर्षं कुठे येऊ दिलं नाही. तिचं नाव मात्र किती मोठं करावं यावर पूर्ण सकाळ घालवली. हे मला आज, गाडीत, सोनगीरच्या टोलनाक्यापाशी कळलं. मागचे हॉर्न वाजवत होते.

३० एप्रिल, आखाजी

घरोघरी घागरी भरल्या, पुरणाचे मांडे झाले. मी केलं नाही. जगदीशला सगळं सांगितलं. त्याला पेपर वाचला त्याच दिवशी कळलं होतं. "तू स्वतः म्हणशील म्हणून थांबलो," म्हणाला. मग संध्याकाळी त्याने न्हाणीघरातला जार उचलून मोरीत ओतला. मी दारात उभी राहून बघत होते. थांबव म्हटलं नाही, ओत असंही म्हटलं नाही.

पंचांसमोर सांगायचं तर गुन्हा माझ्यावर. शेठजींचं काम जाणार, म्हणजे अठरा बायकांचं जाणार. हे दुसरं कारण मी सारखं पहिल्यांदा लिहायचं ठरवते आणि पहिलं पहिल्यांदाच येतं.

३ मे

सुका आज धुळ्याला आला. माझ्या स्टुडिओत. तीन जिने चढून, टोपी हातात.

मी त्याला बस म्हटलं, तो उभाच राहिला. पाणी दिलं, घेतलं नाही. "आते कोनानं लेवानं नही माले," म्हणाला. शहरातसुद्धा तो ते पाळत होता, जिथे कोणी बघत नव्हतं.

म्हणाला, "ताई, तोताराम नानाना घरना लोके उद्या येवाना शेतस. लगन मोडाले. तुम्ही आज पंचेसले एक फोन करा. मी तुम्हले काय इचारेल व्हतं, तेवढंच सांगा. बाकी काही नको."

त्याने माझ्यावर आरोप केला नाही. त्याला माहीतच नव्हतं की मूळ मीच आहे. त्याला फक्त एवढं हवं होतं की त्याचा प्रश्न मी जसाच्या तसा सांगावा. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बघते, भाऊ. दोन दिवसांत करते."

तो "बरं" म्हणाला आणि खाली उतरला. खिडकीतून पाहिलं. बसस्टँडच्या पाणपोईसमोर थांबला, आणि न पिता पुढे गेला. बेचाळीस अंश होतं.

मी अशी आहे हे मला माहीत नव्हतं. मी बरी बाई आहे असं मी धरून चालले होते.

४ मे

सकाळी सहाला जगदीशला उठवलं आणि निघालो. रस्त्यातून धनसिंगला फोन केला, पंच गोळा कर. नंतर शेठजींना केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, डब्याचं काम आता तुझ्याकडे नाही. तुझं नाव काढतो. लाडू काढत नाही. बायांचा त्यात काय गुन्हा." फोन ठेवला. इतके दिवस मी ज्या बायकांच्या नावावर गप्प बसले होते, त्यांचं काम चाळीस सेकंदांत सुटलं. विचारायचं मला सुचलं नव्हतं, की विचारायचंच नव्हतं, हे आता कोण सांगणार.

झाडाखाली पंच बसलेले. मी उभी राहिले आणि बोलले. लेबल मी केलं, फोटो मी टाकला, गावचं नाव मी लिहिलं, सुकाचं नाव फोनवर मीच घेतलं. अहिराणीत बोलत होते, मध्येच प्रमाण मराठीत जात होते. कोणी मान वर करून बघितलं नाही. धनसिंग तेवढा एकदम उठून झाडामागे गेला.

नानीबाई बायकांत बसली होती. मी तिच्यापुढे गेले. म्हटलं, अक्का, तुला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "माले माहित व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तेसनी मोबाइलमा बाटलीना फोटू दखाडा. इचारं, कोनी करं? मी म्हनं, मीच करं. तुले लिखता येस का? मी म्हनं, येस. मंग पेन दिधा हातमा." तिने उजवा हात पुढे करून पंजा उघडला. "मी आंगठा दिधा."

बायका खाली बघत होत्या. मी विचारलं, का? ती माझ्याकडे, हे काय विचारतेस अशा नजरेने बघू लागली. "तू मना घरनं पिधं. घरमा पेयेल माणूसनं नाव कसं सांगू?"

आणि सुका, म्हटलं.

तेव्हा ती रडली. "सुका मना रगतना शे. आज बाहेर गया ते उद्या घरमा ई. तुनं नाव सांगी देती, ते तू परत येती का?"

मी तिथेच मातीत बसले. नऊ दिवस ती बाई स्वतःच्या पुतण्याला बिनपाण्याचं बघत होती, कारण मी तिच्या द्रोणातून दोन घोट घेतले होते. आणि मी वकिलासमोर, पंख्याखाली, 'माहीत नाही' म्हणाले होते.

पंचांनी सुकाला बोलावलं. तो आला, ऐकलं. रागावला नाही, हे फार वाईट होतं. मुख्य पंच म्हणाले, "सुका, चूक आमनी व्हयनी." त्याने मान हलवली. मग म्हणाला, "लोके सकाळमाच यीसनी गयात. लगन मोडीसनी गयात."

आम्ही नऊला पोचलो होतो. ते साडेसातला येऊन गेले.

५ मे

काल रात्री शिरपूरलाच राहिलो. सकाळी आधी ठाण्यात जाऊन लिहून दिलं. लेबल माझं, पान माझं, नानीबाईने काही विकलेलं नाही. चौदा का, हे साहेबांनी तीनदा विचारलं. देखणा दिसतो म्हणून, असं मी तीनदा सांगितलं. शेवटी त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पुढे बोलावतील. घरच्या जारबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिथून पाड्यावर. सुका वाटेवरच उभा होता. काल निघताना त्याने एवढंच म्हटलं होतं, "आठे सांगं. आते तठे चाला." तठे म्हणजे तोताराम नानांच्या गावी. हातात पितळी तांब्या होता, पाण्याने भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. पाणी त्याच्या घरचं. तो तांब्या मांडीवर धरून गाडीत बसला आणि बारा किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यावर त्याने तो एकदाही कलू दिला नाही. मागे नानीबाई आणि मोहिनी. जगदीश अगदी हळू चालवत होता.

तोताराम नाना अंगणात बाजेवर होते. सत्तरीचे, कानात बाळी. त्यांनी घरचे सगळे बोलावले आणि मग मला म्हणाले, बोला. मी काल बोलले तेच बोलले. काल वाटलं होतं की एकदा सांगितलं की सुटले. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण निघालं, कारण समोरचे लोक मला ओळखत नव्हते आणि त्यांना माझी कीव करायचं काही कारण नव्हतं.

नाना ऐकून घेऊन म्हणाले, "तो कागद कसाले करा तुम्ही?"

"आवड म्हणून."

"तुम्हीबी करतस का दारू?"

मी जगदीशकडे बघितलं नाही. म्हटलं, "हो. केळीची. घरी."

"कोनी धरं नही तुम्हले?"

"नाही."

"आन त्या कागदवर तुमनं नाव व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

नानांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटत होतं ते रागावतील, निदान काही बोलतील, म्हणजे मला रडता तरी येईल. ते माझ्याकडे बघायचेच थांबले. मग ते बाजेवरून उतरले, सुकासमोर गेले आणि हात पुढे केला. सुकाने फडकं सोडलं. नाना तांब्या उचलून, ओठाला न लावता, वरून धार धरून पाणी प्यायले. मग त्यांच्या मुलाला दिला. मुलाने आईला दिला. भाऊ, भावजय, नानीबाई, सगळ्यांनी एकेक घोट घेतला. मोहिनी प्यायली तेव्हा तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं आणि नवऱ्यामुलाची आई हसली. त्यांच्यात सुका शेवटी प्यायला. दहा दिवसांत दुसऱ्याच्या हातून घेतलेलं त्याचं ते पहिलं पाणी.

मी जगदीशच्या शेजारी उभी होते. तांब्या त्याच्यापर्यंत आला, त्याने घोट घेतला आणि माझ्याकडे न देता पलीकडे परत केला. ऊन डोक्यावर होतं आणि सकाळपासून माझ्या पोटात पाणी गेलं नव्हतं. मला कोणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही.